तर्जुमा एकदाच करावा

चिंचोळी एमआयडीसीत वडील कामाला असलेला माझा एक विद्यार्थी स्वस्त मोबाइलवर प्लेस्टेशनचे जुने गेम खेळतो. "सर, दुसऱ्या यंत्राचा गेम यात चालतो कसा?" त्याने विचारलं. तर्जुम्यामुळे, मी म्हणालो.

१९९४ च्या प्लेस्टेशनची चिप मिप्स भाषेतले हुकूम समजते, मोबाइलची चिप आर्म भाषेतले. मध्ये दुभाषा लागतो. त्याचं नाव एम्युलेटर. साधा दुभाषा एकेक हुकूम वाचतो, अर्थ लावतो, पार पाडतो. तोच हुकूम हजारदा आला तर हजारदा अर्थ लावतो. गेम रखडतो.

१९८४ साली पीटर डॉइच आणि अ‍ॅलन शिफमन यांनी स्मॉलटॉक या संगणकभाषेसाठी वेगळी वाट दाखवली. लागेल तेवढ्या भागाचा चालता चालता तर्जुमा करायचा आणि जपून ठेवायचा. तो भाग पुन्हा आला की तयार तर्जुमा वापरायचा. मूळ बदललं, तरच नवा करायचा. एम्युलेटरमध्ये यालाच डायनॅमिक रिकंपायलेशन म्हणतात. १९९९ मध्ये अल्ट्राएचएलईने याच युक्तीची मदत घेऊन १९९६ च्या निन्टेंडो ६४ चे गेम घरगुती संगणकावर पळवले.

उर्दूत विचार करून मराठीत उत्तर देणारी आपली मुलंही प्रत्येक शब्दाचा तर्जुमा दरवेळी नव्याने करतात. आपण त्यांना 'मंद' म्हणून मोकळे होतो. मीही म्हटलंय. मंद मुलं नव्हती, माझी शिकवण्याची पद्धत होती. आता मी सुटे शब्द नव्हे, अख्खी वाक्यं घोटून घेतो.