गाव एकत्र कसे येते? इटियाडोहच्या काठचा विचार



सज्जन वाचकहो, आयुष्यभर कीर्तनाची सेवा केली. आता वयपरत्वे उभे राहवत नाही, म्हणून बसून चार शब्द लिहितो. कीर्तनकाराला एक गोष्ट चांगली कळते. समोर हजार माणसे बसली म्हणजे गाव एकत्र आले असे होत नाही. ती ऐकतात, माना डोलावतात, बुक्का लावून घेतात आणि आपापल्या घरी जातात. त्यातल्या ज्याच्या हाती टाळ दिला जातो, तो मात्र दुसऱ्या दिवशी बोलावल्यावाचून येतो. श्रोता आणि टाळकरी यांत जे अंतर आहे, तेच गर्दी आणि संघटना यांत आहे.

अलीकडे जो तो विचारतो, की सामान्य माणूस गावच्या कामात का येत नाही? ग्रामसभेला का येत नाही? पुढारी म्हणतात, लोकांना आस्था नाही. मला हे उत्तर पटत नाही. ज्या लोकांना आस्था नाही म्हणता, तेच लोक पोटाला चिमटा काढून पंढरीची वाट चालतात. मग आस्था कमी आहे की आमंत्रणात काही उणे आहे? याचा शोध इतिहासात घेऊ. त्यासाठी आपल्याला पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत जायचे आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ, गाढवी नदीवर इटियाडोह नावाचे धरण आहे. गाढवी पुढे वैनगंगेला मिळते. 1970 च्या सुमारास हे धरण उभे राहिले. त्याचे पाणी अर्जुनी मोरगावपासून लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंतच्या धानाला मिळते. डोंगर, जंगल आणि मध्ये पसरलेले पाणी पाहून मन प्रसन्न होते. पण या भागातले पाणी धरणाने सुरू झाले नाही. धरणाच्या कितीतरी शतके आधीपासून येथे गावोगावी तलाव होते. भंडारा आणि गोंदिया यांना तलावांचे जिल्हे म्हणतात ते उगाच नव्हे.

हे तलाव बांधले कोणी? चांद्याच्या गोंड राजांच्या काळी, जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. कोहळी समाज या विद्येत निपुण होता. इटियाडोहपासून जवळच नवेगावबांधचा विशाल तलाव आहे. भोवती सात बहिणी नावाच्या टेकड्या आहेत. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले.

आता तलाव म्हणजे नुसता खड्डा नव्हे. पाळ दरवर्षी डागडुजी मागते, गाळ काढावा लागतो, पाट साफ करावे लागतात. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत क्रमाने गेले पाहिजे, नाहीतर शेवटच्या शेतकऱ्याचे धान वाळते. ढिवर बांधवांची मासोळी त्याच पाण्यात आणि गुरांचे पिणेही त्याच पाण्यात. म्हणून पावसाळ्यापूर्वी गावातला प्रत्येक कर्ता माणूस पाळीवर फावडे घेऊन येई. कोणाला निमंत्रणपत्रिका लागत नव्हती. ज्याचे शेत तलावाखाली, त्याचा हात पाळीवर, असा साधा न्याय होता. संघटनेची पहिली पायरी ही आहे. प्रत्येकाच्या हाताला काम हवे.

पण इतिहास सांगताना गोड तेवढेच सांगू नये. त्या व्यवस्थेत राबणारे सगळे होते, ठरवणारे थोडे. इंग्रजांच्या काळात तलाव मालगुजाराच्या नावाचा झाला. पाणी केव्हा सोडायचे हे वाड्यावर ठरे. पाळीवर माती टाकणाऱ्या कित्येकांना त्या वाड्याच्या ओसरीवर बसता येत नसे. बायकांना तर कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. हाताला काम होते, पण बसायला आसन नव्हते.

पुढे स्वराज्य आले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 31 मार्च 1951 पासून हे तलाव सरकारकडे गेले. सरकारी कागदावर ते ‘माजी मालगुजारी’ तलाव झाले आणि लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. वाड्याची सत्ता गेली हे योग्यच झाले. पण सत्ता वाड्यातून निघाली ती पारावर आली नाही, परस्पर कचेरीत गेली. तलाव सरकारचा, तर पाळ सरकारने दुरुस्त करावी, असे लोक म्हणू लागले. त्यांचे काय चुकले? ज्याचा हक्क, त्याची जबाबदारी. पुढे धरणाचा कालवा आला, पाणी दुरून आले, धानाला आधार झाला, आणि एक गोष्ट नकळत सुटली. पाळीवर एकत्र येण्याचे कारण उरले नाही. पाळ खचली तर दिसते. गावाचे एकत्र बसणे खचले तर पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही.

याच काळात वऱ्हाडातून एक खंजिरी वाजत आली. वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज! 1909 साली यावली येथे जन्म, वरखेडच्या आडकोजी महाराजांचा अनुग्रह, 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम. 1942 च्या चिमूर आणि आष्टीच्या उठावानंतर इंग्रज सरकारने महाराजांना चंद्रपुरात पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. भजन करणाऱ्या साधूची सरकारला एवढी भीती का वाटावी? कारण त्या भजनाने माणसे नुसती डोलत नव्हती, उठून उभी राहत होती.

महाराजांनी गावोगाव श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा उभ्या केल्या. त्यांची पद्धत विचार करण्यासारखी आहे. पहाटे उठायचे, गल्ली झाडायची, रामधून म्हणत गावातून फिरायचे, सायंकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसायचे. यात विद्वत्ता लागत नाही, पैसा लागत नाही. झाडू ज्याला धरता येतो तो सभासद होऊ शकतो. आणि प्रार्थनेला बसताना? एका ओळीत, एका सतरंजीवर. पाटलाच्या मांडीला भूमिहीनाची मांडी लागे. ज्या ओसरीवर आसन मिळाले नाही, त्याची भरपाई प्रार्थनेच्या सतरंजीने केली. ही दुसरी पायरी.

ग्रामगीता 1955 सालची, तिचे अध्याय 41. आपल्यापैकी पुष्कळांच्या नित्य वाचनात ती असेल. तिच्या अध्यायांचा क्रम एकदा मुद्दाम पाहावा. आठवा अध्याय प्रचार-महिमा, नववा सेवा-सामर्थ्य, दहावा संघटन-शक्ती. मला या क्रमात उपदेश दिसतो. प्रचाराने माणूस ऐकायला येतो. पण प्रचारावरून थेट संघटनेवर उडी मारता येत नाही, मध्ये सेवेची पायरी आहे. आजचे पुढारी नेमकी तीच पायरी गाळतात. भाषण झाले की सभासद नोंदणीचे कागद पुढे करतात, आणि वर्षभराने म्हणतात की कागदावर शेकडो नावे आहेत, बैठकीला चार माणसे येत नाहीत.

आता तिसरी पायरी. त्यासाठी गोंदियातून शेजारच्या गडचिरोलीत जाऊ. धानोरा तालुक्यात, वैनगंगेला मिळणाऱ्या कठाणी नदीच्या परिसरात, मेंढा (लेखा) नावाचे लहानसे गोंड गाव आहे. 1980 नंतरच्या दशकात जंगल वाचवण्याच्या चळवळीतून हे गाव जागे झाले. देवाजी तोफा हे गावचे जाणते, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे अभ्यासू सोबती होते. या गावाने नियम केला की निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांच्या संमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर घाई नाही. पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. आणि बोलण्यापूर्वी विषय समजावा म्हणून गावाने अभ्यास गट चालवला. तेथे निर्णय घेत नसत, फक्त शिकत असत. निर्णय ग्रामसभेत, स्त्री-पुरुष सर्वांसमोर.

कोणी म्हणेल, अशाने काम कधी व्हायचे? तर ऐका. 2006 साली वनहक्क कायदा झाला आणि 2009 साली मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत त्याचे नाव आहे. 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री त्या गावी गेले आणि बांबूच्या वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. सावकाश चालणारे गाव लांबचा पल्ला गाठते, हे वारकऱ्याला निराळे सांगायला नको.

हा वारा इकडेही आला. 2013 पासून गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपानांची विक्री आपली आपण केली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर बांधवांनी आणि भगिनींनी तर जुन्या तलावांनाच हात घातला. बेशरमीची झुडपे उपटली, गाळ नांगरला, गाद, चिला, देवधान अशा पाणवनस्पती पुन्हा लावल्या, म्हणजे देशी मासोळीला अंडी घालायला आसरा मिळावा. ज्या तलावावर त्यांच्या आज्यांना शब्द नव्हता, त्या तलावाविषयी नाती बैठकीत बोलू लागल्या. मला तरी यात भगवंताची लीला दिसते.

तेव्हा हात, आसन आणि शब्द या तीन गोष्टी माणसाला मिळाल्या की तो संघटनेचा होतो. कामाला हात, बरोबरीचे आसन, आणि निर्णयात शब्द. यांतले एक जरी राहिले तरी माणूस आज ना उद्या गळतो. नुसता हात मागितला तर ती वेठ होते. आसन दिले आणि शब्द नाकारला तर ती शोभा होते. आणि हात न लावता नुसता शब्द मागणारे लोक असले की त्या सभेचे काय होते, ते आपण रोज पाहतो.

वाचकहो, हे आपल्याला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली, ती आठवा. दिंडीत कोणाच्या गळ्यात वीणा, कोणाच्या हाती टाळ, मायबहिणींच्या डोईवर तुळस किंवा पाण्याची हंडी. रिकामा कोणीच नाही. आणि मुक्कामी समाजआरतीला काय होते? सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतात. हजारो टाळ एका क्षणी थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपला टाळ वाजवीत राहते. त्या टाळाच्या आवाजाकडे चोपदार जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा करतात, आणि मग आरती होते. एवढा मोठा सोहळा एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी थांबतो! यापेक्षा मोठी लोकशाही मला ठाऊक नाही.

आता आपल्या ग्रामसभेकडे पाहा. कायद्याने गणपूर्ती फार थोडी ठेवली आहे. शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पाच-दहा जण बसतात, वही घरोघर फिरते, सह्या-अंगठे होतात आणि ठराव मंजूर. महिलांची वेगळी सभा आधी घ्यावी असे कायदा सांगतो. तीही कित्येक गावी वहीतच भरते. ज्यांचा टाळ वाजत राहिला होता, त्यांच्याकडे कोणी गेलेच नाही. पुढच्या वेळी ते टाळ घेऊन येतील कशाला?

पक्ष कोणताही असो, मंडळ कोणतेही असो, गावात माणसे जोडू पाहणाऱ्या तरुणांना माझे एवढेच विनवणे आहे. घरी जाऊन आधी विचारा की या माणसाला काय येते, आणि तेच काम त्याला द्या. बैठकीत खुर्च्या आणि सतरंजी असा भेद ठेवू नका. एक तर सगळे खाली, नाहीतर सगळे वर. जो बोलत नाही त्याच्यापाशी जाऊन बसा, कारण गावाचे खरे दुखणे बहुधा त्याच्याजवळ असते. आणि ठराव लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबून ऐका, कुठे टाळ वाजतो आहे का.

वाजत असेल तर आरतीची घाई करू नका. देव विटेवर उभाच आहे, तो थांबेल.

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल!