पाँपेईच्या हस्तिदंती बाईचं माहेर

नकाशावर पैठण आणि तेर यांच्यावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती बीड जिल्ह्याच्या मधोमध जाते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात पैठणपासून तगर दहा दिवसांच्या वाटेवर, पूर्वेला, असं लिहिलंय. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, पण ते पैठणच्या पूर्वेला नसून आग्नेयेला आहे. त्यामुळे पंडितांनी तगर बरंच भलतीकडे शोधलं. अखेर जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते तेरला आणून सोडलं. तगरचं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई. तिथून जहाजांवर चढणाऱ्या मालात हस्तिदंतही असे.

इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली अमेदेओ मायुरी यांना एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम पाव मीटर. अंगावर दागिने भरपूर, वस्त्र जवळजवळ नाही, दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत घर गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीची, यात वादच नाही. डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे, तेव्हा ती आरशाची मूठ किंवा चौरंगाचा पाय असावी. देव्हाऱ्यातली नक्कीच नव्हे. तरी ‘लक्ष्मी’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

मायुरींना ती मथुरेकडची वाटली होती. पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ च्या सुमारास शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केलं. त्यात तशाच घडणीची खंडित हस्तिदंती मूर्ती निघाली, आणि माहेर मराठवाड्यात शोधायला आधार मिळाला. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातही तिची बहीण शोभेल अशी हस्तिदंती स्त्री आहे. पावसानंतर पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, वर आलेल्या वस्तू या माणसाने हौसेने जमवल्या, जपल्या. त्यातूनच तेरचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं.

पाँपेईच्या मूर्तीवर मात्र एक खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. म्हणून माझ्या मते मराठवाड्याचा दावा जोरदार आहे, पण खटला अजून जिंकलेला नाही. खरी अडचण वेगळीच आहे. नेपल्सच्या मूर्तीला घर आहे, थर आहे, साल आहे. पांढरीवरून उचललेल्या वस्तूला यातलं काहीच उरत नाही. लामतुऱ्यांनी उचललं नसतं तर त्या वस्तू गेल्याच असत्या, हेही तितकंच खरं.

गोदाकाठच्या गावांतून पांढरी माती आजही खत म्हणून शेतात जाते. नांगराला किंवा फावड्याला कोरीव काही लागलं, तर ते घासून स्वच्छ करू नका, विकू तर नकाच. जागेवर खूण करा आणि तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.