स्मृतिभ्रंश आणि स्नानाची भीती

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने आंघोळीस नकार देणे, ही या आजारातील नेहमीची अडचण आहे. घरच्यांना तो हट्ट वाटतो. पुष्कळदा त्यामागे भीती असते. खोलीचा अंदाज चुकू लागल्याने ओल्या फरशीवर पाऊल टाकण्याचे धैर्य होत नाही. अचानक अंगावर पडणारे पाणी हल्ल्यासारखे वाटते. आपले कपडे कोण उतरवीत आहे, हेही उमगत नाही. ‘सकाळीच आंघोळ केली’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्यापुरते ते खरेच असते. म्हणून वाद घालू नये.

स्नानाची पूर्वीची वेळ व सवय शक्यतो कायम ठेवावी. पाण्याची ऊब आधी स्वतः तपासावी. बसण्यास न घसरणारे स्टूल द्यावे. अंगावर पंचा राहू द्यावा. पहिला तांब्या डोक्यावर नव्हे, पायांवर ओतावा. पुढचा रुग्णाच्याच हाती द्यावा. एका वेळी एकच सूचना करावी. रुग्णास एकटे सोडू नये व दाराला आतून कडी लावू देऊ नये.

विरोध वाढल्यास थांबावे आणि काही वेळाने पुन्हा विचारावे. रोज पूर्ण स्नान आवश्यक नसते. एरवी ओल्या कपड्याने अंग पुसणे पुरते. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णाच्या कलाने घातलेल्या स्नानाने आणि अंथरुणातच कोमट, ओल्या टॉवेलने अंग पुसल्याने त्याची आक्रमकता लक्षणीय घटली. नकार एकाएकी सुरू झाला असल्यास मात्र वेदना वा मूत्रमार्गाचा संसर्ग नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.