गटिंगेन ते बंगळूर : विमानविद्येची वाटचाल

महाराष्ट्राबाहेरील मराठी कर्तृत्वाचा आढावा घेताना आपण सरदार, व्यापारी आणि कलावंत यांची आठवण अगत्याने काढतो. प्रयोगशाळेत आयुष्य वेचणाऱ्यांकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. म्हणूनच मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात डॉ. विष्णु माधव घाटगे आणि त्यांची कर्मभूमी यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तरीही हा इतिहास केवळ शास्त्रज्ञांनीच वाचावा असा नाही, हे आमचे मत आहे.

बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ही जमशेटजी टाटांची कल्पना. त्यांचे निधन १९०४ मध्ये झाले. संस्था स्थापन झाली १९०९ मध्ये, आणि पहिले विद्यार्थी दाखल झाले १९११ मध्ये. आरंभी भर रसायनशास्त्र व विद्युत्तंत्र यांवर होता. १९३३ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन संचालक झाले आणि पदार्थविज्ञानाचा विभाग उघडला गेला. महायुद्धामुळे केंब्रिजला परतू न शकलेले होमी भाभा तेथेच विश्वकिरणांवर संशोधन करू लागले.

कोल्हापूरकडे १९०८ मध्ये जन्मलेल्या घाटग्यांनी जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन करून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. प्रांटल यांचे कार्य थोडक्यात सांगितले पाहिजे. घर्षणरहित प्रवाहाचे जुने गणित असे सांगे, की वाहत्या हवेचा वस्तूला अवरोधच होत नाही. प्रत्यक्ष अनुभव अर्थातच उलटा. घर्षणाचा प्रभाव पृष्ठभागालगतच्या पातळ थरापुरताच प्रबळ असतो, हे प्रांटल यांनी १९०४ मध्ये दाखविले. या एका विचाराने पंडितांचे गणित आणि यंत्रज्ञांचा अनुभव यांची सांगड बसली, आणि विमानाच्या पंखांचा हिशेब विश्वासाने मांडता येऊ लागला.

परंतु घाटग्यांना पदवी मिळाली तेव्हा या देशात विमाने बांधणारा कारखानाच नव्हता. विद्या हाती आहे आणि तिला ठाव नाही, अशी ती अवस्था होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली आणि घाटगे तिच्यात आले. डिसेंबर १९४२ मध्ये विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. त्याची धुराही त्यांच्याकडे आली. एकाच गावात कारखाना आणि अध्यापनकक्ष असल्याने कारखान्यातील अडचण विद्यार्थ्यांसमोर मांडता येई, आणि तेथे शिकलेल्यास कामही जवळच मिळे.

घाटग्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले ‘एचटी-२’ हे शिक्षणविमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम आकाशात झेपावले आणि पुढे वायुदलातील कित्येक वैमानिकांनी त्यावर उड्डाणाचे पहिले धडे घेतले. त्याच वर्षी सतीश धवन संस्थेत रुजू झाले; ध्वनीहून वेगवान प्रवाह अभ्यासण्याचा वातबोगदा त्यांनी तेथे उभारला. १९६२ मध्ये तेच संस्थेचे संचालक झाले.

आमच्या मंडळातील कितीतरी घरांतील मुले-मुली आज संशोधनासाठी परदेशी जातात. त्यांनी जावे, घाटगेही गेले होते. मात्र परतणाऱ्याच्या विद्येला येथे काम मिळेल, अशी तजवीज आधी कोणीतरी करावी लागते. वालचंदांनी आणि विज्ञान संस्थेने ती केली, आणि म्हणूनच गटिंगेनचे गणित बंगळुरात विमान होऊन उडाले.