चहाची पेटी आणि सहा तारा

महायुद्ध जिंकूनही कर्जाखाली वाकलेल्या इंग्लंडच्या सरकारने डॉलरची गंगाजळी राखण्यासाठी अमेरिकन मालाच्या आयातीवर जे निर्बंध घातले, त्यांच्या कचाट्यात गिटारही सापडली. आणि ज्या वाद्याच्या बळावर पुढे त्या देशाने जगभर आपली मुद्रा उमटवली, त्याचा उत्तम अमेरिकन नमुना 1959 पर्यंत तिथल्या तरुणांना सहसा दृष्टीसही पडत नव्हता.

तथापि ही पोरे हातावर हात ठेवून बसली नाहीत. लेडबेली या कृष्णवर्णीय गायकाने नावारूपाला आणलेले ‘रॉक आयलंड लाइन’ हे अमेरिकन रेल्वेगीत लॉनी डोनेगनच्या आवाजात 1956 च्या प्रारंभी इंग्लंडभर दुमदुमले, तेव्हा एवढे आपल्यालाही जमेल, हा विश्वास सामान्य घरांतल्या मुलांच्या मनात जागा झाला. हिंदुस्थान-सिलोनचा चहा भरून आलेली प्लायवूडची रिकामी पेटी पालथी घालावी, तिच्या बुडाला भोक पाडून दोरी ओवावी, दोरीचे दुसरे टोक झाडूच्या दांड्याला बांधून तो पेटीच्या कडेवर उभा धरावा, आणि दांडा मागे रेलला की स्वर चढतो, पुढे आणला की उतरतो, एवढ्या ज्ञानावर खर्जाची सोय करावी. बोटांत शिवणाची अंगुस्ताने चढवून कपडे धुण्याच्या पन्हळी फळीवर ठेका धरावा. या ‘स्किफल’ नामक खटाटोपाला बालिश म्हणणे मला सर्वस्वी अन्यायाचे वाटते. संगीतविद्येची सनद नसलेल्या माणसाचाही गाण्यावर हक्क आहे, हा दावा तिथे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर गुदरला गेला.

लिव्हरपूलच्या वूल्टन भागातील चर्चच्या जत्रेत 6 जुलै 1957 रोजी अशाच एका पथकात गाणाऱ्या सोळा वर्षांच्या जॉन लेननची पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीशी गाठ पडली, आणि त्या पथकातूनच यथाकाल बीटल्स उदयास आले. दरम्यान, लखनौत जन्मलेल्या क्लिफ रिचर्डने 1959 साली आपला साथीदार हँक मार्विन याच्यासाठी अमेरिकेहून फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर मागवली. पुढल्याच वर्षी मार्विनच्या ‘शॅडोज’ या पथकाच्या ‘अपाचे’ या निःशब्द रचनेतून तिचा झणत्कार गावोगावच्या मुलांच्या कानांत असा भरला, की गाण्याइतकीच वादनाचीही असोशी त्यांना लागली.

या परंपरेचा एक धागा मुंबईतूनही गेला आहे. जानेवारी 1968 मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने येथील एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत शिवकुमार शर्मा प्रभृती वादकांसह ‘वंडरवॉल म्युझिक’ या आपल्या अल्बमचा काही भाग ध्वनिमुद्रित केला; मँचेस्टरच्या ओएसिसने 1995 साली गाजवलेल्या ‘वंडरवॉल’ या गीताचे नाव त्याच अल्बमवरून घेतलेले आहे.