मराठी ख्रिस्ती लेखकांनी पाहिलेली 'नव्या पुरुषा'ची घालमेल

१/ आधुनिक पुरुष आतून अस्वस्थ का आहे, त्याचे घर, त्याची श्रद्धा आणि त्याचे काम यांचा मेळ का बसत नाही, हा प्रश्न आज जगभरातील ख्रिस्ती भाष्यकार हिरिरीने चर्चितात. मराठीत ही चर्चा पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. त्या चर्चेचा आणि तिला मिळालेल्या अनपेक्षित उत्तराचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आज पालेगावातील तरुण अंबरनाथ स्थानकावर येऊन ज्या लोहमार्गाने मुंबईकडे जातो, तो महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या मार्गांपैकी एक आहे. १८५३ मध्ये आगगाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये कल्याणहून अंबरनाथ-बदलापूरमार्गे पळसदरीपर्यंत धावू लागली.

३/ त्या सुमारास एक नवा मनुष्य घडत होता. दिवसा तो इंग्रजी ग्रंथ वाचे, कचेरीत काम करी, मित्रमंडळींत जातिभेदावर कठोर टीका करी. घरी परतल्यावर मात्र तो आईवडिलांचा आज्ञाधारक पुत्र, जातीचा सभासद आणि बालवयात लग्न लावून दिलेल्या मुलीचा पती असे. एकाच देहात दोन आयुष्ये नांदत होती.

४/ या दुभंगाकडे मिशनरी आणि देशी ख्रिस्ती लेखकांचे लक्ष प्रथमपासून होते. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. मिशनच्या शाळांतून शिकलेला तरुण हा या मंडळींचा वाचकही होता आणि विषयही.

५/ पहिला मोठा प्रसंग १८४३ चा. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. मुलगा अल्पवयीन ठरला आणि त्याचा ताबा वडिलांना मिळाला.

६/ पण ताबा मिळाला म्हणजे घर मिळाले असे नव्हे. श्रीपत ख्रिस्ती लोकांत जेवला होता. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे, असा आग्रह बाळशास्त्री जांभेकरांनी धरला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. विचार बदलण्याची किंमत एकट्या विचार करणाऱ्याला मोजावी लागत नाही, हे सर्व मुंबईने त्या वर्षी पाहिले.

७/ ही किंमत टाळण्याचा एक मार्ग सुशिक्षितांनी शोधला, तो म्हणजे गुप्तता. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्वर्यू. जातिभेद मोडणे हे तिचे ध्येय. परंतु सभासद एकत्र जमत ते बंद दाराआड. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे ही तेथील धैर्याची परीक्षा होती.

८/ परीक्षा देऊन बाहेर पडलेला सभासद घरी जाऊन पुन्हा सोवळ्यात जेवायला बसे. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली आणि नावे उघड होण्याच्या भयाने सभा विस्कटली. कोणत्याही शत्रूने वादात हरवण्यापूर्वीच तिला नामावलीने हरवले.

९/ या सभेत वावरलेला एक तरुण म्हणजे बाबा पदमनजी (१८३१–१९०६). मूळचे बेळगावचे, कासार कुटुंबातील. मिशनच्या शाळांत शिकलेले. बरीच वर्षे द्विधा मनाने काढल्यावर १८५४ मध्ये त्यांनी बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला. पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी ही सगळी घालमेल मांडली.

१०/ 'अरुणोदया'चे महत्त्व केवळ धर्मांतराच्या कथेत नाही. बुद्धीला पटलेले आचरणात आणताना मनुष्य का कचरतो, आईवडिलांचे प्रेम आणि जातीचे भय एकमेकांत कसे मिसळते, याचे असे वर्णन तोवरच्या मराठी गद्यात दुर्मीळ होते. बाबांच्या लेखी नव्या पुरुषाचा खरा रोग अज्ञान हा नव्हता. ज्ञान असूनही आचरणात न उतरणे हा होता.

११/ रोगाचे दुसरे लक्षण बाबांनी घरात पाहिले. १८५७ मध्ये त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. हिंदू विधवांची दुःस्थिती हा तिचा विषय. तरीही त्यातील नायक विनायक हा त्या काळच्या पुरुषापुढे धरलेला आरसा आहे. तो पत्नीला शिकवतो, तिच्यासह प्रवास करतो, तिच्याशी बोलतो.

१२/ मुंबईच्या बैठकीत केलेले भाषण नव्हे, तर आपल्यामागे पत्नीचे काय होईल याचा विचार ही पुरुषाची कसोटी, असे कादंबरी सुचवते. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुनेवर केशवपनाचे संकट येते, तेव्हा त्याने दिलेले शिक्षणच तिच्या कामी येते. उपदेशाचा सूर उघड आहे. निरीक्षण मात्र अचूक आहे.

१३/ तरीही या भाष्यात एक मोठी पोकळी होती. पती ख्रिस्ती झाला आणि पत्नी झाली नाही, तर काय? हा प्रश्न इतक्या घरांत उभा राहिला की १८६६ मध्ये सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला. जोडीदार सहवास नाकारत असेल तर धर्मांतरिताला न्यायालयात जाता येई. न्यायाधीश विचारासाठी वर्षभराची मुदत देई. त्यानंतरही नकार कायम राहिला तर विवाह मोडता येई.

१४/ कायद्याने धर्मांतरिताची वाट मोकळी केली. मागे राहिलेल्या स्त्रीची बाजू मात्र कागदपत्रांत 'नकार' या एका शब्दात मावत असे. ती का नाकारते, तिने काय गमावले, हे लिहून ठेवणारे कोणी नव्हते.

१५/ इकडे दुहेरी आयुष्याचा तिढा सुटलेला नव्हता. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील नामवंत पाहुणे चहापानासाठी बोलावले गेले. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून उघड केली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. परमहंस सभेला चाळीस वर्षे लोटली, तरी नामावलीचे भय तेच होते.

१६/ आता या इतिहासातील मध्यवर्ती पुरुष. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९), 'फुलामुलांचे कवी'. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. प्राथमिक शिक्षण पालेगाव-अंबरनाथच्या शेजारच्या कल्याणात, पुढले नाशकात. वृत्तीने अतिशय अस्वस्थ. शिक्षकी, कीर्तन, संपादन, नागपूरला अप्पासाहेब बुटींचा आश्रय, मग राजनांदगाव. एका जागी ते फार काळ टिकले नाहीत.

१७/ १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचायला दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आधी गुप्तता आणि मग पश्चात्ताप, हा सुशिक्षितांचा परिपाठ त्यांनी मोडला.

१८/ मात्र हे करताना त्यांनी पत्नीला विश्वासात घेतले नव्हते. लक्ष्मीबाईंना बातमी कळली ती सर्व उरकल्यावर. लहान मुलगा पदरी, नवरा जिवंत असून नाही, माहेर-सासरच्या नजरा अंगावर. बाबा पदमनजींनी कादंबरीत जी कसोटी सांगितली, तिच्यावर टिळक त्या दिवशी उतरले नाहीत.

१९/ त्यानंतर त्यांनी जे केले, त्यासाठी मात्र ते स्मरणात राहतात. १८६६ च्या कायद्याची वाट त्यांनी धरली नाही. दुसरे लग्न केले नाही. पत्रे लिहिली, वाट पाहिली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परतल्या, त्या स्वतःच्या अटींवर: एका छपराखाली, पण आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी ते मानले.

२०/ माणसामाणसांत जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी लक्ष्मीबाई स्वतः झगडल्या आणि उत्तरही त्यांनी स्वतःच शोधले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या काळात घरात पतीने पत्नीच्या विवेकाचा मान राखला. त्या पिढीच्या पुरुषासाठी ही गोष्ट धर्मांतराइतकीच नवी होती.

२१/ धर्म बदलल्याने टिळकांची अस्वस्थता मात्र शमली नाही. १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखेच स्थान होते. मे १९१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

२२/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मिशनरी लेखनात पुरुषाच्या प्रत्येक घालमेलीचा शेवट बाप्तिस्म्यात होतो. त्यापुढे कथा संपते. तो प्रचाराचा साचा होता. टिळकांचे आयुष्य त्या साच्यात बसत नाही. बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षे ते शोधतच राहिले.

२३/ आणि या शोधाचे सर्वांत प्रांजळ भाष्य कोणत्याही धर्मोपदेशकाने लिहिले नाही. ते लक्ष्मीबाईंनी लिहिले. फारसे औपचारिक शिक्षण नसलेल्या, विवाहानंतर वाचायला शिकलेल्या या ख्रिस्ती लेखिकेची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात भागशः प्रसिद्ध झाली.

२४/ त्यात टिळकांचा संताप आहे, न सांगता घर सोडून जाणे आहे, घरची चूल विसरून दुसऱ्याला देऊन टाकण्याचा स्वभाव आहे. आणि त्यांचे निर्मळ प्रेमही आहे. लक्ष्मीबाई पतीला देवत्व देत नाहीत आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करीत नाहीत. त्या हसतात, रागावतात, पुढे सांगू लागतात. १८६६ च्या कागदांत 'नकार' या शब्दाआड गडप झालेली बाजू येथे प्रथमच सविस्तर बोलते.

२५/ बाबा पदमनजींनी विचारले होते: पुरुषाला जे पटते, ते उघडपणे करण्याचे धैर्य त्याच्यात आहे का? लक्ष्मीबाईंच्या आठवणींनी त्यात दुसरा प्रश्न मिळवला: त्या धैर्याची किंमत कोण मोजते आणि तिला आधी विचारले होते का? आधुनिक पुरुषाच्या झगड्यावर आज बोलणाऱ्यांपैकी पुष्कळजण पहिल्या प्रश्नापाशीच थांबतात. मराठीने दुसरा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवला आहे.

(समाप्त)