सम्राट यंत्राचा दुभाषा

जुन्या प्रिंटरची 25 पिनांची जोडणी नव्या संगणकास बसत नाही. मधे एक लहानसा जोड घालावा लागतो. संगणकाकडून एकामागून एक येणारे संकेत हा जोड आठ-आठ करून आठ तारांवर मांडतो. प्रिंटर जसाच्या तसा राहतो, त्याला दुभाषा तेवढा मिळतो.

उज्जयिनीस असाच दुभाषा एका दगडी यंत्रासाठी लागला. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात क्षिप्रेकाठी उभारलेले सम्राट यंत्र सावलीवरून उज्जयिनीची स्वतःची वेळ सांगते. 1906 साली मात्र साडेब्याऐंशी अंश रेखांशाची प्रमाणवेळ आली. उज्जयिनी तिच्या पश्चिमेस, 75 अंश 46 कलांवर. अंशास चार मिनिटे धरली, तर अंतर सुमारे 27 मिनिटांचे. शिवाय सूर्यही वर्षभर घड्याळाबरहुकूम चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास तो 14 मिनिटे मागे असतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी 16 मिनिटे पुढे. त्यामुळे सावली बारा दाखवीत असता घड्याळात फेब्रुवारीत 12 वाजून 41, आणि नोव्हेंबरात 12 वाजून 11 मिनिटे झालेली असतात. मनगटाकडे पाहून यंत्रास खोटे ठरविणे हा त्या यंत्रावर अन्यायच होय.

मोडकळीस आलेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार 1923 साली माधवराव महाराज शिंदे यांनी करविला; गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले. सम्राट यंत्रावर आता एक कोष्टक आहे. कोणत्या दिवशी किती मिनिटे मिळवावयाची, हे त्यात दिलेले असते. सावली वाचावी, तेवढी मिनिटे मिळवावी, की प्रमाणवेळ हाती येते.